चुन्याखालची भिंत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वेळ भर दुपारची. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरीत, देवळामागच्या अन्नछत्रात, पहिली पंगत जेवून उठली. दुसरी पंगत बसलीच नाही.

पहिल्या पंगतीतली माणसं हात धुवायला ओढ्यावर गेली आणि तिथंच काठावर आडवी झाली. कुणाच्या घशाला आग लागली, कुणाच्या पोटात पीळ पडला, कुणाला उभंच राहवेना. दिवस मावळायच्या आत म्हातारा बाळोबा गेला. बाळोबा म्हणजे अन्नछत्राच्या टोपल्या विणणारा. आयुष्यभर त्यानं तिथल्या टोपल्या विणल्या आणि तिथलंच अन्न खाल्लं.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, नगरीत लगेच कुजबुज सुरू झाली की देवाचा कोप झाला. कोप वगैरे काही नव्हतं. देवाला मधे आणलं की माणसांना जाब द्यावा लागत नाही, एवढीच त्यात सोय असते. काय झालं ते नीट सांगतो.

त्या नगरीत दर वर्षी नवं पीक हाती येण्याआधी कोठारं तळाला जात. मग लोक रानातून कडूकंद खणून आणत. दिसायला सुरणासारखा, पोटात गेला तर विष. पण विष काढता आलं तर त्याच्यासारखं पोटभरीचं अन्न नाही. ते कसं काढायचं, हे अन्नछत्राच्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

हो, भिंतीवर. चुलींच्या मागची ती लांबलचक भिंत म्हणजे त्या स्वयंपाकघराची रीत होती. जो शिजवील त्यानं पंगत उठल्यावर भिंतीपाशी यायचं आणि आज काय झालं ते लिहायचं. जुन्या स्वयंपाकिणी जवसाच्या तेलात गेरू कालवून काडीनं लिहीत. काय चुकलं, काय साधलं, पुढच्या वेळी काय करायचं. कुणी लिहिलं होतं, ‘आज कढी फुटली. ताक आंबट होतं आणि मी गप्पा मारत होते. ढवळणं थांबवू नये.’ कुणी लिहिलं होतं, ‘भोपळ्यात गूळ शेवटी घाला. माझ्या सासूबाई आधी घाला म्हणतात. ऐकू नका.’ एकीनं नुसतंच लिहिलं होतं, ‘वरणात मीठ दोनदा पडलं. दुसऱ्यांदा कुणी टाकलं ते कबूल करत नाही.’

लोक भिंत वाचून हसत. हसता हसता शिकत.

त्या अन्नछत्राची मुख्य होती भिवरा. तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याची. तिचं एक सांगितलंच पाहिजे, झाकून ठेवणार नाही. तिला गेरू वाटत बसायचा कंटाळा. चुलीतला कोळसा उचलायचा आणि भराभरा लिहून मोकळं व्हायचं, अशी तिची सवय. मदतनीस पारू म्हणायची, “अगं ताई, हे पुसलं जाईल.” भिवरा म्हणायची, “पुसायला कोण येतंय? राजाच्या दरबारातले लोक स्वयंपाकघरात येत नाहीत. धूर लागतो त्यांना.”

त्या वर्षी आले.

राजा-राणी अन्नछत्रात पंगतीला येणार, अशी वर्दी आली. नेमकी भिवराची लेक तेव्हाच बाळंत व्हायची होती, डोंगरापलीकडे. भिवरानं भांडारप्रमुखाला विचारलं, “मी जाऊ का? कंदाचा दिवस आहे. पारूला सगळं दाखवून जाते.”

भांडारप्रमुख म्हणजे नगरीच्या सगळ्या कोठारांचा अधिकारी. तो म्हणाला, “भिवराबाई, जा, सुखानं जा. त्या दिवशी राजवाड्याचे बल्लव येणार आहेत. तुमच्या बायकांची गरजच नाही.”

“त्यांना कंद ठाऊक आहे?”

“त्यांना काय ठाऊक नाही?” भांडारप्रमुख हसला.

“बरं. नसला ठाऊक तर भिंत आहे,” असं म्हणून भिवरा गेली.

पंगतीच्या दुपारी ती डोंगर उतरून परत आली, नात झाल्याचा आनंद आणि कमरेला बांधलेला सुंठवडा घेऊन. ओढ्यावर माणसं कण्हत पडलेली. पारू बाळोबाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

“पारू! काय गं हे?”

“कंद,” पारू म्हणाली. “आम्हाला आत येऊच दिलं नाही, ताई. दाराशी पहारा होता. राजवाड्याची माणसं शिजवतायत, तुम्ही गलका करू नका म्हणाले.”

“राजा-राणी?”

“आलेच नाहीत. राणीसाहेबांचं डोकं दुखत होतं म्हणे.”

बाळोबानं डोळे उघडले. भिवराला पाहून त्याला बरं वाटलं असावं. हळूच म्हणाला, “पोरी, टोपल्या कोरड्या होत्या. पानावर बसताना पाहिलं मी. त्यात त्यांनी भाकऱ्या ठेवल्या होत्या.”

भिवराला कळायचं ते कळलं. बाळोबाच्या त्या विरळ विणीच्या टोपल्या भाकरीसाठी नव्हत्याच. कंदाचे काप भरून त्या रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायच्या असतात.

“मग जेवलात कशाला, बाबा?”

“पंगतीत बसल्यावर वाढणाऱ्याला प्रश्न विचारायचे का? राजाचं अन्न होतं. आणि भूक होती, गं.”

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले.

भिवरा तडक स्वयंपाकघरात शिरली. भिंतीला हात लावून ओरडायचं, ‘हे वाचलं नाहीत का,’ असं मनाशी घोकत शिरली. आणि जागच्या जागी थांबली. भिंत पांढरीफेक होती. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. मधोमध कुणीतरी हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

चुलीपाशी राजवाड्याचा मुख्य बल्लव बसला होता. सुदाम त्याचं नाव. त्याचा चेहरा पडला होता, पण मान ताठच होती.

“कंद कसा केलास?” भिवरानं विचारलं.

“सुरणासारखा. भांडारातून तसंच सांगितलं. चिंचेचं पाणी भरपूर घातलं.”

“चिंचेनं सुरणाची खाज जाते. कंदाचं विष जात नाही!”

“मला कोण सांगणार होतं?”

भिवरानं भिंतीकडे बोट केलं. सुदामनं भिंतीकडे पाहिलं. त्याला चुना दिसला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पटांगणात राजानं न्यायासाठी सभा भरवली. आता ऐका, न्याय कसा असतो ते. बाळोबाची चिता निवली नव्हती, अजून निम्मी पंगत अंथरुणावर होती, आणि सभेत आरोपी म्हणून उभी होती भिवरा. शिजवताना जी नव्हतीच, ती.

भांडारप्रमुख म्हणाला, “महाराज, अन्नछत्राची मुख्य ही. कंद हिच्याच सांगण्यावरून खणून आणलेला. हिनं जाताना रीत सांगितली नाही. घरच्या कौतुकासाठी नगरीला वाऱ्यावर सोडलं.”

भिवराची पळी पटांगणात, देवळाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेली होती. त्या नगरीत स्वयंपाक्याची पळी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि सभा संपेपर्यंत कुणी उचलून त्याच्या हातात दिली नाही, तर तो पुन्हा कुठल्याच चुलीपुढे बसू शकत नसे. नगरीतही राहू शकत नसे. भिवरा आयुष्यात दुसरं काही शिकलीच नव्हती.

“रीत भिंतीवर लिहिलेली होती, महाराज,” ती म्हणाली.

“कुठली भिंत?” भांडारप्रमुखानं निरागसपणे विचारलं. “स्वयंपाकघराची? तिथं तर स्वस्तिक आहे.”

राजानं हात वर केला. राजा वाईट नव्हता. वाईट नसलेले राजे अनेकदा असेच असतात, त्यांना उशिरा कळतं. तो म्हणाला, “भिंत राहू दे. रीत तुला ठाऊक आहे ना? मग आत्ता सगळ्यांपुढे सांग. राखेचं पाणी किती, उकळ्या किती, ओढ्यात किती वेळ. बरोबर सांगितलीस तर तुझ्यावर विश्वास ठेवीन.”

भिवरानं तोंड उघडलं आणि ती अडकली. चुलीपुढे उभी असती तर हात आपोआप चालले असते. एकदा भिंतीकडे बघायचं, एकदा पातेल्याकडे. पण इथं पटांगणात, शेकडो डोळ्यांपुढे? आधी राख की आधी उकळी? दक्षिणेच्या उतारावरच्या कंदाला ओढ्यात एक रात्र की जास्त? त्याचा काहीतरी वेगळा नियम होता. तो तिनं स्वतःच शोधला होता. स्वतःच्या हातानं लिहिला होता.

“सांग ना,” भांडारप्रमुख म्हणाला.

“मला पाठ नाही!” भिवरा कडाडली. “पाठ नाही, म्हणून तर लिहिलं होतं!”

सभा हसली. दरबारी हसले, त्यांचं बघून व्यापारी हसले. पारूनं पदरात तोंड लपवलं.

“हसा,” भिवरा म्हणाली. “तुमच्यातल्या कुणाला काल खाल्लेल्या भाजीत काय काय होतं ते आठवतं? आणि तुम्ही मला विष काढायची रीत तोंडपाठ मागता? माणूस विसरतो. माणूस आजारी पडतो, बाळंतपणाला जातो, मरतो. भिंत कुठं जात नाही. म्हणून तिच्यावर लिहायचं, अशी आमच्या चुलीची रीत आहे.”

आता सुदाम बल्लव पुढे झाला. तोंडावर आलेलं हसू आवरून तो म्हणाला, “महाराज, मी जन्मात कधी काही लिहून ठेवलं नाही. चव हातात असते. लिहिणारा तो, ज्याच्या हातावर भरवसा नाही. मी अंदाजानं शिजवतो, आणि माझा अंदाज आजवर चुकला नाही.”

“बाळोबाला विचार,” भिवरा म्हणाली.

हसू थांबलं.

तेवढ्यात भिवराचं लक्ष पटांगणाच्या कडेला गेलं. कालच्या पंगतीचं उरलंसुरलं पातेल्यांसकट पुरावा म्हणून आणून ठेवलं होतं. त्यात चिंचेच्या कोळाची एक मोठी घागर होती, जवळजवळ भरलेली. भिवरानं पितळी भांडी जन्मभर चिंचेनं घासली होती. चिंच काय काय खाऊन टाकते ते तिला पाठ करावं लागत नव्हतं.

तिनं घागर कमरेवर घेतली आणि चालू लागली.

“अहो बाई, सभा सोडून कुठं?” भांडारप्रमुख ओरडला.

“भिंत विचारत होतात ना? चला, दाखवते.”

राजा उठला. राजा उठला म्हणून सगळे उठले. स्वयंपाकघरात एवढी गर्दी त्या नगरीत कधी झाली नव्हती. भिवरानं चिंचेचं पाणी ओंजळी भरभरून भिंतीवर मारलं. ताजा चुना फसफसला. तिनं नारळाच्या काथ्यानं घासायला सुरुवात केली. पारू धावली, तिनंही काथ्या घेतला. पांढरं पाणी ओघळू लागलं आणि त्याखालून तांबूस काहीतरी डोकावू लागलं. जवसाच्या तेलातला गेरू. चुन्याखाली तो दबला होता, मेला नव्हता.

आधी कढी दिसली. मग भोपळा. “सासूबाई आधी घाला म्हणतात. ऐकू नका,” कुणीतरी मोठ्यानं वाचलं, पण आता कुणी हसलं नाही.

मग मधोमध, स्वस्तिकाच्या बरोबर खाली, मोठ्या अक्षरांत उघडं पडलं:

‘कडूकंद. पातळ काप. राखेच्या पाण्यात उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात रात्रभर. आधी शिजवणाऱ्यानं खावं. मग दिवस कलेपर्यंत थांबावं. मग वाढावं.’

राजानं ते दोनदा वाचलं. मग त्यानं सुदामकडे पाहिलं. “तू आधी खाल्लास?”

“नैवेद्याआधी चाखायचं नसतं, महाराज. उष्टं होतं,” सुदाम म्हणाला. आता त्याची मान ताठ नव्हती.

“वा,” भिवरा म्हणाली. “चव देवावर सोडलीस आणि विष बाळोबावर.”

सुदामनं भिंतीवरची ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. त्याच्यावर मला दया येत नाही असं नाही. पण ज्याला आपला अंदाज चुकूच शकत नाही असं वाटतं, तो दुसऱ्याच्या घासाशी खेळत असतो. तो हाताची मोठी कीर्ती सांगत होता, तेव्हा त्याच्या हाताला कंद कसा असतो हेही ठाऊक नव्हतं. आणि ज्यांनी त्याला ‘सुरणासारखा कर’ म्हणून सांगितलं, त्यांनी तर आयुष्यात सुरणही चिरला नव्हता.

भिवरा मात्र जिंकल्यासारखी दिसत नव्हती. ती भिंतीच्या उजव्या टोकाला उभी राहून घासत होती. तिथं तिची स्वतःची जागा होती. चुना गेला, आणि त्याखाली निघाली फक्त काळपट ओल. कोळशाचं एक अक्षर उरलं नव्हतं.

“दक्षिणेच्या उताराचा कंद,” ती पुटपुटली. “त्याचं काहीतरी होतं. मीच लिहिलं होतं, पारू. काय होतं गं ते?”

“मी सांगितलं होतं तुला, गेरू वाट म्हणून,” पारू म्हणाली. पण रागानं नाही.

राजानं स्वतः पटांगणात जाऊन पळी उचलली आणि आणून भिवराच्या हातात दिली. मग त्यानं हुकूम दिला: या नगरीत जो कुणी लोकांसाठी शिजवील, तो राजवाड्याचा असो की अन्नछत्राचा, त्यानं शिजवल्यावर लिहिलं पाहिजे. साधलं ते आणि चुकलं तेही, आणि पुसलं जाणार नाही अशा शाईनं. सुदामला त्यानं नगरीबाहेर काढलं नाही. त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाला, “तू आधी लिही. स्वतःच्या हातानं.”

सुदामला लिहायला फार वेळ लागला. त्यानं लिहिलं, ‘मी कंद राखेच्या पाण्यात न उकळता, न धुता, न चाखता वाढला. विचारलं नाही. बाळोबा गेले.’ लिहून झाल्यावर त्यानं काडी भिंतीपाशी ठेवली. त्या दिवसापासून तो अन्नछत्रातच राहिला आणि कंदाच्या दिवशी पहिला घास तोच घेऊ लागला.

हे सगळं चांगलं झालं. पण भिवराचं समाधान झालं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

“महाराज,” ती म्हणाली, “सुदामनं लिहिलं. मीही लिहीन की गेरू वाटण्याचा आळस केला, आणि एक रीत कायमची घालवली. आता भिंतीला चुना मारायला ज्यानं सांगितलं, त्यालाही लिहू दे.”

“रास्त आहे,” राजा म्हणाला. “चुना कुणी मारला?”

रंगारी पुढे आला. म्हणाला, “मी मारला, महाराज. मला भांडारातून निरोप आला. स्वयंपाकघर आहे की पोरांची पाटी, राजा-राणी काय म्हणतील, असं म्हणाले.”

भांडारप्रमुख म्हणाला, “मला राजवाड्यातून निरोप आला.”

राजवाड्याचा कारभारी म्हणाला, “आमच्याकडून स्वच्छतेचा निरोप गेला होता. भिंतीचं कुणी बोललंच नव्हतं. भांडारातल्या कुणाला तरी वाटलं असेल.”

“कुणाला वाटलं?” भिवरानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग सगळे राजाकडे पाहू लागले. राजानं घसा खाकरला आणि म्हणाला, “चौकशी करू.”

मुलांनो, जुन्या गोष्टींत इथं दोषी माणूस सापडतो आणि त्याला शिक्षा होते. या गोष्टीत तसं झालं नाही. एवढ्या माणसांच्या तोंडचा घास पांढऱ्या भिंतीच्या हौसेपायी विषारी झाला, आणि ती हौस कुणाची होती हे सांगायला त्या नगरीत कुणाला तोंड नव्हतं. चौकशी बसली. चौकशीला बसलेले जेवून उठले. मग नवं पीक आलं, कोठारं भरली, आणि लोकांनी विषय सोडला.

भिवरानं सोडला नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बसून गेरू वाटला, जवसाच्या तेलात कालवला आणि आपल्या रिकाम्या जागेवर लिहिलं, ‘दक्षिणेच्या उताराच्या कंदाचं इथं काहीतरी लिहिलं होतं. आठवत नाही. तो कंद आणू नका.’ तेवढा सबंध उतार तेव्हापासून त्या नगरीला वर्ज्य झाला. तिथं अजूनही कंद उगवतो आणि अजूनही खणला जात नाही. एका कंटाळ्याची आणि एका हौसेची ही किंमत.

या गोष्टीचा बोध एवढाच: शिजवलेलं अन्न एका पंगतीत संपतं, ते शिजवताना कळलेलं नीट टिपून ठेवलं तरच पुढच्या पंगतीच्या कामी येतं, आणि ते टिपण पुसणारा हात विष वाढणाऱ्या हाताइतकाच दोषी असतो.

स्वतःच्या ओळीखाली भिवरानं आणखी एक ओळ लिहिली: ‘भिंत पुसायला सांगितलं ते —’ आणि पुढे एका नावापुरती जागा सोडली.

भिवरा गेली, पारू गेली, तो राजाही गेला. भिंत उभी आहे. ती जागा अजून कोरी आहे.